चेंडू बघू की पाय? ओव्हरथ्रोच्या नियमाची गोष्ट

हा भाग तुम्ही शुक्रवारी ऐकत असाल आणि मालेगावात असाल, तर मागून यंत्रमागाचा खडखडाट येत नसेल. शुक्रवारी माग बंद. आणि माग बंद म्हणजे मैदानं भरलेली. एकाच मैदानावर चार मॅचेस चालू, एकाचा फाइन लेग तो दुसऱ्याचा मिड-ऑन, आणि कुणाचा बॉल कुणी अडवला यावरून अर्धा वेळ गप्पा.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही तो शंभर वेळा पाहिलेला आहे. टेनिस बॉलची मॅच, शेवटची ओव्हर. बॅट्समनने बॉल टोलवला, एक रन पूर्ण झाला, दोघं दुसऱ्यासाठी पळतायत. लांबून फिल्डरने जीव खाऊन थ्रो मारला. थ्रो स्टंपला लागला नाही, कीपरच्या हातात आला नाही, सरळ मागे चुन्याच्या रेघेबाहेर गेला. झाले किती?

एक म्हणतो सहा. दुसरा म्हणतो पाच. तिसरा म्हणतो, भाई, ओव्हरथ्रोला एकच, टॉसच्या वेळी ठरलं होतं. आणि अंपायर? तो तर बॅटिंगवाल्या टीमचाच. त्याची बॅटिंग होऊन गेलेली आहे किंवा अजून यायची आहे, म्हणून त्याला उभा केलाय. त्याने सहा सांगितले की पुढची पंधरा मिनिटं खेळ बंद.

आज आपण या भांडणाचा इतिहास बघणार आहोत. हसू नका, याला खरंच इतिहास आहे. याच प्रश्नावर एक वर्ल्ड कप फायनल फिरली, आणि तिकडे अमेरिकेत याच्याच चुलत प्रश्नावर एक अख्खा सीझन फिरला. आणि दोन्ही ठिकाणी अडचण तीच जी आपल्या मैदानावर आहे: अंपायरला डोळे दोन, पण बघायच्या जागा दोन. एकीकडे चेंडू, दुसरीकडे पळणाऱ्याचे पाय.

आधी क्रिकेटचा नियम नीट समजून घेऊ, कारण आपल्यातल्या बहुतेकांना तो अर्धाच माहीत असतो. नियम क्रमांक १९.८. फेकलेला चेंडू सीमेबाहेर गेला तर सीमेच्या चार धावा मिळतात. त्यात पूर्ण झालेल्या धावा मिळवायच्या. आणि जी धाव अर्धवट चालू आहे ती? ती तेव्हाच धरायची, जेव्हा फेकीच्या क्षणी दोन्ही बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेलेले असतील. चेंडू रेघेबाहेर गेला तेव्हा नाही. चेंडू स्टंपजवळून गेला तेव्हा नाही. फिल्डरने फेकला, त्या क्षणी.

म्हणजे आपल्या प्रसंगात उत्तर पाच पण असू शकतं आणि सहा पण. ते ठरवायला एकच गोष्ट माहीत हवी, आणि नेमकी तीच कुणी पाहिलेली नसते. कारण फिल्डर चेंडू उचलतो तेव्हा सगळं मैदान फिल्डरकडे बघतं.

आता जरा बेसबॉलकडे जाऊ. तुमच्यापैकी कुणी शाळेत सॉफ्टबॉल किंवा बेसबॉल खेळला असेल, कारण आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत हे दोन्ही खेळ आहेत. जे खेळले नाहीत त्यांच्यासाठी पटकन सांगतो. चौकोन उभा करा, चार कोपरे. एका कोपऱ्यात बॅट्समन, तो कोपरा होम. मारल्यावर पळायचं पहिल्या बेसवर, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि परत होमला आलं की एक रन. मध्ये बेसवर थांबता येतं. म्हणजे एका वेळी एक, दोन, अगदी तीन रनर मैदानात वेगवेगळ्या बेसवर असू शकतात. क्रिकेटमध्ये पळणारे दोघं, इथे बॅट्समन धरला तर चार. अंपायरचं काय होत असेल विचार करा.

या खेळाचे सगळ्यात प्रसिद्ध जुने नियम न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लिहिले. त्यात एक नियम असा होता की रनरला चेंडू फेकून मारायचा नाही. हे लिहायची वेळ का आली? कारण त्याआधीच्या गल्लीतल्या प्रकारांत पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू हाणला की तो बाद. आपली लगोरी आठवा, आबाधोबी आठवा, पाठीवर बॉल बसला की कसा चटका लागतो ते आठवा. निकरबॉकरवाल्यांनी तो चटका बंद केला. आता चेंडू माणसावर नाही, बेसवर उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे फेकायचा. आणि इथेच नवा घोळ सुरू झाला. जोरात फेकलेला चेंडू सहकाऱ्याने सोडला, की तो जातो गर्दीत.

तेव्हा मैदानाला कुंपण नाही. प्रेक्षक रेघेवर उभे. गर्दीत गेलेला चेंडू घरच्या टीमचा माणूस पटकन परत देणार, पाहुण्यांचा असेल तर पायाखाली दाबून ठेवणार. १८५० नंतरच्या दशकात यावर जो नियम आला तो मला फार आवडतो: खेळाबाहेरच्या माणसाने चेंडू अडवला, तर तो चेंडू आधी पिचरच्या हातात परत गेला पाहिजे, तोवर कुणालाही बाद करता येणार नाही. त्याच नियमात हेही होतं की फिल्डरने टोपीने चेंडू अडवला तरी तेच. टोपीचा त्रास क्रिकेटलाही होता. आजही फिल्डरने मुद्दाम टोपी काढून चेंडू अडवला तर पाच धावांचा दंड बसतो.

पण हे झालं चेंडूचं. पायांचं काय?

१८८० च्या दशकात मोठ्या सामन्यांनाही बऱ्याचदा अंपायर एकच असायचा. एक माणूस, चार बेस. शिकागोचा माइक केली नावाचा खेळाडू होता, त्याला लोक किंग केली म्हणायचे. चेंडू लांब गेला की अंपायर तिकडे बघणार हे त्याला पक्कं माहीत. मग हा पहिल्या बेसवरून दुसऱ्या बेसला न जाता मैदानाच्या मधूनच तिरका तिसऱ्या बेसवर! अंपायर वळून बघतो तर केली तिसऱ्यावर उभा, चेहऱ्यावर काही नाही. प्रेक्षकांनी पाहिलं, विरोधी टीमने पाहिलं, पण ज्याने बघायचं त्याने पाहिलं नाही. आणि जे अंपायरने पाहिलं नाही त्यावर तो निर्णय कसा देणार? आपल्याकडे याला सरळ चीटिंग म्हणतील. तिकडे तो हिरो झाला.

आता येतो १९०८ चा किस्सा. हा जरा सावकाश ऐका, यात एक पेच आहे.

बेसबॉलमध्ये असा नियम आहे की बॅट्समनने चेंडू मारून तो पहिल्या बेसकडे पळाला, की पहिल्या बेसवर आधीपासून असलेल्या रनरला जागा रिकामी करून दुसऱ्या बेसवर जावंच लागतं. तो पोचायच्या आत फिल्डरने चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसवर पाय टेकवला, तर तो रनर बाद. आणि असा रनर डावातला तिसरा बाद ठरला, तर त्याच फटक्यावर दुसरा कुणी होमला पोचलेला असला तरी तो रन धरत नाहीत.

४ सप्टेंबर १९०८. पिट्सबर्ग विरुद्ध शिकागो कब्ज. शेवटचा फटका, तिसऱ्या बेसवरचा रनर होमला आला, पिट्सबर्ग जिंकलं. पहिल्या बेसवरचा पोरगा दुसऱ्या बेसला शिवलाच नाही. जिंकलो म्हणून आनंदात परस्पर निघून गेला. तेव्हा सगळेच असं करायचे. पण कब्जचा जॉनी एव्हर्स नियमाचा किडा. त्याने चेंडू मागवला, दुसऱ्या बेसवर उभा राहिला आणि अंपायरला म्हणाला, हा बाद आहे, रन धरू नका. अंपायर होता हँक ओ'डे, आणि त्या दिवशी एकटाच होता. त्याचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याने अपील मानलं नाही. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय वेगळं केलं असतं?

मग १९ दिवसांनी, २३ सप्टेंबरला, न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स विरुद्ध तेच कब्ज. अंपायर तोच ओ'डे. पण आज जोडीला दुसरा, बॉब एम्सली. स्कोअर १-१, शेवटची इनिंग, जायंट्सचे दोन बाद. पहिल्या बेसवर फ्रेड मर्कल, वय फक्त १९. तिसऱ्या बेसवर आणखी एक जण. फटका बसला, तिसऱ्यावरचा होमला आला, पब्लिक मैदानात घुसलं. आणि मर्कल अर्ध्या वाटेवरून ड्रेसिंग रूमकडे वळला.

एव्हर्स तर टपूनच बसला होता. तो चेंडूसाठी ओरडायला लागला. जायंट्सच्या एका जुन्या पिचरला, जो मॅग्निटीला, काय चाललंय ते कळलं. त्याने तो चेंडू हिसकावून गर्दीत भिरकावून दिला म्हणतात. पुढे एव्हर्सने कुठलातरी चेंडू मिळवून दुसऱ्या बेसवर पाय टेकवला. तो खरा चेंडू होता की दुसराच, यावर आजही एकमत नाही.

आता अंपायर. एम्सली मैदानात होता, पण मारलेला चेंडू चुकवताना तो खाली पडला होता. त्याने मर्कलला पाहिलंच नव्हतं. त्याने ओ'डेला विचारलं. आणि या वेळी ओ'डेने पाहिलं होतं! पिट्सबर्गची तक्रार त्याच्या डोक्यात बसली असणार. होमची रन झाली तरी त्याची नजर त्या १९ वर्षांच्या पोराच्या पायांवर होती. निर्णय: मर्कल बाद, रन नाही, सामना बरोबरीत.

सीझन संपला तेव्हा दोन्ही टीम्स सारख्याच, ९८ विजय आणि ५५ पराभव. म्हणून तो सामना ८ ऑक्टोबरला परत खेळवला. कब्ज ४-२ ने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सिरीजही. मर्कलच्या मागे मात्र 'गाढवचूक करणारा' हा शिक्का जन्मभर राहिला. मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते. त्याने तेच केलं जे सगळे करत होते, आणि जे अंपायर १९ दिवसांपूर्वीपर्यंत चालवून घेत होते. नियम बदलला नव्हता. अंपायरची नजर बदलली होती.

हे लक्षात ठेवून बेसबॉलचा आजचा ओव्हरथ्रोचा नियम बघा. फेकलेला चेंडू मैदानाबाहेर, स्टँडमध्ये किंवा डगआउटमध्ये गेला, तर प्रत्येक रनरला दोन बेस मिळतात. पण कुठून मोजायचे दोन? अमेरिकेतल्या गल्लीतही यावर चुकीची समजूत आहे. पोरं म्हणतात, 'ज्या बेसकडे चाललाय तो, अधिक एक.' तसं नाही. बेसजवळच्या फिल्डरने पहिलाच थ्रो मारला असेल, तर पिचरने चेंडू टाकला तेव्हा रनर जिथे होता तिथून मोजायचं. बाकी वेळी थ्रो हातातून सुटला तेव्हा तो जिथे होता तिथून. याला पोटनियम आहेत, त्यात आत्ता जात नाही. पण नियमपुस्तकात खुलासा स्पष्ट आहे की क्षण म्हणजे चेंडू हातातून सुटला तो. जमिनीवर आपटला तो नाही, बाहेर गेला तो नाही.

यातली गंमत पहिल्या भागात आहे. पिचर चेंडू टाकतो तेव्हा रनर कुठे असतात? आपापल्या बेसवर किंवा तिथून चार पावलं पुढे. म्हणजे अंपायरला ते खात्रीने माहीत असतं, आठवायला लागत नाही. जवळच्या फिल्डरचा थ्रो इतक्या झटकन होतो की त्या क्षणी पाय कुठे होते हे पाहणं अवघड. म्हणून नियम करणाऱ्यांनी क्षणच मागे सरकवला, जिथे वादच होणार नाही अशा जागी. शिवाय माणसंही वाढवली. आज तिकडच्या मेजर लीगमध्ये साध्या सामन्याला चार अंपायर असतात, आणि प्लेऑफला सहा.

क्रिकेटने क्षण मागे सरकवला नाही. आणि मग आलं १४ जुलै २०१९. लॉर्ड्स. बहुतेकांनी हे मोबाइलवर पाहिलं असेल, काहींनी तर सेमी-फायनलमध्ये आपण हरलो म्हणून रागाने पाहिलं नसेल. तेही समजू शकतो.

इंग्लंडला शेवटच्या ओव्हरमध्ये १५ हव्या होत्या. ट्रेंट बोल्ट बॉलिंगला, बेन स्टोक्स समोर. दोन बॉल कोरे, तिसऱ्यावर सिक्स. चौथा बॉल स्टोक्सने डीप मिडविकेटला मारला आणि दोघं दोनासाठी पळाले. मार्टिन गप्टिलने थ्रो केला. स्टोक्सने रन आउट वाचवायला सूर मारला, चेंडू त्याच्या पुढे केलेल्या बॅटला लागला आणि मागे सीमेपार. स्टोक्सने लगेच हात वर करून सॉरी म्हटलं. कुमार धर्मसेनाने सहाचा इशारा केला. तीन बॉलमध्ये नऊ हव्या होत्या, त्याच्या दोन बॉलमध्ये तीन झाल्या.

रिप्लेमध्ये काय दिसलं? गप्टिलच्या हातातून चेंडू सुटला तेव्हा स्टोक्स आणि आदिल रशीद यांनी दुसऱ्या धावेसाठी एकमेकांना ओलांडलं नव्हतं. म्हणजे एक पूर्ण धाव आणि चार, एकूण पाच. पाच वेळा आयसीसीचा सर्वोत्तम अंपायर ठरलेला सायमन टॉफेल दुसऱ्या दिवशी तेच म्हणाला. आणि पाच धरल्या असत्या तर नुसती एक धाव कमी झाली नसती. पुढच्या बॉलला स्ट्राइकवर स्टोक्स नाही, रशीद असता. प्रत्यक्षात काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. २४१ वर टाय, सुपर ओव्हरही १५-१५ टाय, आणि कप चौकारांच्या मोजणीवर, २६ विरुद्ध १७.

धर्मसेनाने नंतर मान्य केलं की टीव्हीवर बघितल्यावर चूक दिसते, पण मैदानावर त्याच्यासमोर टीव्ही नव्हता. त्याने दुसऱ्या अंपायरशी, मराय इरास्मसशी, बोलून निर्णय दिला. यात कुणी बाद होत नव्हतं, म्हणून तिसऱ्या अंपायरला विचारायची सोय नियमात नव्हती. जरा विचार करा. मैदानात दोन अंपायर, वर तिसरा, चारी बाजूंनी कॅमेरे, आणि तरी त्या एका क्षणाचे पाय कुणाच्या नजरेत नव्हते. किंग केलीच्या काळापासून सव्वाशे वर्षं झाली होती.

काही जणांनी शब्दांवरही वाद घातला. नियमात 'फेक किंवा कृती' असं आहे. मग 'कृती' म्हणजे बॅटला लागणं का धरू नये? म्हणजे क्षण पुढे जातो आणि सहा बरोबर ठरतात. माझं मत विचाराल तर ही ओढाताण आहे. 'कृती' हा शब्द फिल्डरने मुद्दाम केलेल्या गोष्टीसाठी आहे. पण शब्द ढिला असला की माणूस त्यातून स्वतःला हवा तो अर्थ काढतोच. मालेगावकरांना हे सांगायला नको. नारो शंकरांनी बांधलेला आपला मोसमकाठचा किल्ला १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांनी वेढला होता, आतल्या अरब शिपायांनी महिनाभर त्यांना दमवलं. शेवटी शरणागतीचा जो मराठी कागद झाला, त्यात इंग्रज अधिकाऱ्याच्या मनात होतं त्यापेक्षा बरंच जास्त देऊन बसले होते. त्याच्या मते कबूल केलं होतं फक्त जिवाचं अभय. कागद मात्र शिबंदीच्या फायद्याचं बोलत होता. एल्फिन्स्टनने कागदाचा उदार अर्थ धरला. थोडं विषयांतर झालं, पण शब्द आणि अंपायर यांचं नातं असंच असतं.

परत मैदानावर येतो. २०१९ नंतर क्रिकेटच्या नियमकर्त्यांनी १९.८ वर चर्चा केली. पण पाय बघण्याचं एक ओझं त्यांनी दुसरीकडे कमी केलं, आणि ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. पूर्वी कॅच होण्याआधी बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले असतील तर नवा बॅट्समन नॉन-स्ट्रायकरला जायचा. म्हणजे प्रत्येक उंच कॅचला अंपायरने वर पण बघायचं आणि खाली पण. १ ऑक्टोबर २०२२ पासून ते संपलं. कॅच झाला की नवा बॅट्समन स्ट्राइकलाच येतो, ओव्हर संपलेली नसेल तर. ओलांडलं की नाही, हा प्रश्नच काढून टाकला.

आणि आता आपल्या गल्लीचा नियम परत ऐका: ओव्हरथ्रोला एकच. किंवा गटारीत गेला तर दोन. किंवा भिंतीला लागून आला तर डेड. आपण याला पोरांचा नियम म्हणून हसतो. पण त्यात कुणी कुणाला ओलांडलं हे बघायची गरजच उरत नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम पहिल्यांदा लिहून काढले, तोवर तो खेळही असाच, गावागावाच्या ठरावावर चालत होता. बेसबॉलमध्ये आजही सामन्याआधी अंपायर आणि दोन्ही टीम्स होम बेसजवळ भेटतात आणि त्या मैदानाचे खास नियम बोलून घेतात. छत असेल, पाइप असेल, झाड असेल, चेंडू तिथे अडकला तर काय. आपण टॉसच्या वेळी जे करतो तेच.

फरक एकच राहतो, तो म्हणजे बॅटिंगवाल्या टीमचा अंपायर. पण कसोटी क्रिकेटमध्येही फार काळ यजमान देशाचेच अंपायर असायचे. लाहोरला १९८६ मध्ये पाकिस्तान–वेस्ट इंडीज सामन्याला दोन भारतीय अंपायर उभे राहिले, मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी, तेव्हा ती मोठी बातमी होती.

तर पुढच्या शुक्रवारी एक करून बघा. मॅचमध्ये बसून राहिलेले दोघं-तिघं असतातच. त्यातल्या एकाला स्क्वेअर लेगला उभा करा आणि सांगा, तू बॉलकडे बघायचंच नाही. थ्रो सुटला की फक्त पाय बघ. तो कंटाळेल. वीस ओव्हर्समध्ये त्याला एकदाच विचारावं लागेल, कदाचित एकदाही नाही. आणि तो कुठल्या टीमचा, यावरून आधी दहा मिनिटं जातील, ते वेगळं.

तुमच्या गल्लीत ओव्हरथ्रोला किती धरतात, ते कळवा. भेटू पुढच्या भागात.